चिलीम, भांग आणि शाहिराचं कवन : पार्श्वभूमी

दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडया भरल्या की रात्रभर दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं चालतात. काही फडांत ओली छापी (फडक्याचा तुकडा) लावलेली गांजाची चिलीम हातोहात फिरते. दम मारल्याशिवाय कवन सुचत नाही, हा समज तिथलाच, आणि आता त्याला परदेशी संशोधनाचे दाखले जोडले जाऊ लागले आहेत.

ब्रिटिशांनी 1893-94 मध्ये गांजा-भांगेची चौकशी केली. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, असा निष्कर्ष निघाला आणि परवाने चालू राहिले.

खरा घोळ अमली पदार्थांवरच्या 1961 च्या आंतरराष्ट्रीय कराराने घातला. त्यात झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि राळ बंदीत आले, शेंड्याविना नुसतं पान, म्हणजे भांग, बाहेर राहिलं. भारताला गांजाची सवय मोडायला 25 वर्षांची मुदत मिळाली. मग अमली पदार्थांच्या 1985 च्या केंद्रीय कायद्यात तीच वाटणी उतरली: फुलोरा म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस, भांगेचं नावच नाही. म्हणून ‘भांग चालते’ असं गावोगाव सांगितलं जातं. ते महाराष्ट्रात खरं नाही. इथे 1949 चा दारूबंदी कायदा पानालाही लागू आहे. विनापरवाना भांग बाळगणं गुन्हाच. ही गोष्ट पोरांना कोणी सांगत नाही, आणि भोगावं त्यांनाच लागतं.

त्याच केंद्रीय कायद्यात एलएसडी आणि सायलोसायबिन (काही अळंब्यांतलं द्रव्य) ही भ्रम घडवणारी द्रव्यंही आहेत. कमी शिक्षेच्या ‘अल्प प्रमाणा’ची मर्यादा गांजाला 1 किलो, एलएसडीला 2 मिलिग्रॅम. मेंदूवरचं कामही वेगळं: एलएसडी, सायलोसायबिन सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या वाटेने जातात, गांजा जात नाही. तरी बोलताना सगळं एकच होतं. अमेरिकेत 1966 मध्ये 27 जणांना मेस्कॅलिन (एलएसडीच्याच जातीचं द्रव्य, गांजा नव्हे) देऊन त्यांच्याच कामातले अडलेले प्रश्न सोडवायला बसवलं. अनेकांना वाट सापडली, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. हा दाखला चिलमीला लावणं चूक आहे.

गांजाने सुचतं का, याची तपासणी नेदरलँड्समध्ये झाली, 2015 मध्ये. 22 मिलिग्रॅम टीएचसीने (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) नव्या कल्पना घटल्या, 5.5 ने फरक पडला नाही. तिथेच 2021 मध्ये सायलोसायबिन घेतलेल्यांना अंमल असताना आपल्याला खूप सुचतंय असं वाटलं, चाचणीत मात्र ते मागे पडले. नव्या कल्पनांची संख्या वाढलेली दिसली ती सात दिवसांनी.

धोत्रा यातल्या कशातच बसत नाही. भांग चढावी म्हणून बांधावरच्या धोत्र्याचं बी घोटणारे आहेत. ते विष आहे. त्याने कवन सुचत नाही, भ्रम होतो, तोंड कोरडं पडतं, नाडी धावते आणि माणूस दगावतोही.