पट्टीसोबत दिलेला छोटा तुकडा फेकू नका

(आमच्याकडून १०८४ पोलादाची पट्टी नेऊन पहिल्यांदाच सुरी बनवणाऱ्यांसाठी)

पट्टी सोडताना आत बोटभर लांबीचा एक तुकडा सापडेल. तो कापताना उरलेला भंगार नाही, तुमच्याच पट्टीचा आहे. पुढे जे काही सांगितलं आहे ते आधी या तुकड्यावर करून बघा आणि मगच पात्याला हात घाला.

सुरीचा आकार कापून, घासून झाला की काम संपल्यासारखं वाटतं. पण पट्टी आम्ही मऊ करून देतो, नाहीतर तुमची कानस आणि ड्रिल तिच्यावर चाललीच नसती. अशा मऊ पात्याला कितीही धार लावा, चार वेळा वापरलं की ती वळते. म्हणून पात्याला पाणी द्यायचं, म्हणजे लालबुंद तापवून झटकन थंड करून कडक करायचं.

हा ‘पाणी’ शब्द नवख्याला हमखास फसवतो. माणूस खरोखरच बादली भरून बसतो. लालबुंद पातं पाण्यात जातं, ‘टिण्’ असा बारीक आवाज येतो, आणि धारेपासून वर तडा गेलेला असतो. त्या पात्याला मग काही इलाज नाही. आमच्या पट्टीला पाणी द्यायचं ते तेलात. वाक्य विचित्र आहे, पण करायचं तसंच.

आत काय घडतं ते थोडक्यात. या पोलादात कार्बन साधारण ०.८४ टक्के असतो. ७२७ अंश सेल्सिअसच्या वर लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन त्यात विरघळतो. हळूहळू थंड केलं तर तो बाहेर पडतो आणि पोलाद पुन्हा मऊ. झटकन थंड केलं तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आत अडकतो आणि पोलाद काचेसारखं कडक होतं. हे ‘झटकन’ म्हणजे पहिल्या दोनतीनशे अंशांसाठी जेमतेम सेकंदभर. म्हणून तेलाचा डबा भट्टीच्या अगदी शेजारी हवा, चार पावलं लांब नको.

हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या लोखंडी पट्टीत कार्बन पाव टक्क्याहूनही कमी असतो. ती कितीही तापवा, कडक होणार नाही. स्टेनलेसला हजार अंशांच्या वर नेऊन तिथे मोजून काही वेळ धरावं लागतं. ते उघड्या भट्टीचं काम नाही, पातं आमच्याकडे आणा. गाडीचे जुने पाटे बहुतेक कडक होतात, पण वर्षानुवर्षं हादरे खाऊन त्यांत न दिसणाऱ्या भेगा पडलेल्या असू शकतात. पहिल्या सुरीसाठी ते घेऊ नका असंच आम्ही सांगू. आमची पट्टी विकायची आहे म्हणून सांगतोय असं वाटलं तर वाटू द्या.

भट्टी पेटवण्याआधी

मुठीची भोकं आधीच पाडून घ्या, नंतर ड्रिल चालणार नाही. धार आत्ताच लावू नका. कडेला एक ते दीड मिलिमीटर जाडी राहू द्या, कारण पातळ कड आधी तापते, जास्त तापते, आणि तेलात लाटेसारखी वाकते. कानशीचे आडवे ओरखडे पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने काढून टाका आणि टोकदार कोपरे किंचित गोल करा. तडा सुरू व्हायला एक ओरखडासुद्धा पुरतो.

ज्यांनी पट्टी ठोकून आकार दिला आहे त्यांनी पातं तीनदा तापवून हवेत थंड होऊ द्यावं, दर वेळी उष्णता थोडी कमी: अंदाजे ८७०, मग ८१५, मग ७६०. ठोकताना बसलेला ताण त्याने निघतो. नुसतं कापून-घासून बनवलं असेल तर हे वगळलं तरी चालेल.

किती लाल म्हणजे पुरे?

आमच्याकडे परत येणारी बहुतेक पाती इथेच बिघडलेली असतात. आपल्याला ८१५ अंशांच्या आसपास जायचं आहे. लोखंड ७७० अंशांना चुंबकाला चिकटणं सोडतं, म्हणून तारेला चुंबक बांधून जवळ ठेवा. चिकटायचं थांबलं की तिथून रंगाची एक छटा वर, बस. नारिंगी-पिवळ्यापर्यंत गेलात तर जास्त झालं. उन्हात हा रंग कळतच नाही, तोच लाल तिथे काळपट दिसतो. सावलीत, जमल्यास संध्याकाळी काम करा. मात्र बंद खोलीत भट्टी लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

अंधुक उजेडात एक सुंदर गोष्ट दिसते. पातं तापत असताना त्यावरून ढगाची सावली सरकावी तसा गडद पट्टा सरकतो. आतली मांडणी बदलताना उष्णता शोषली जाते, त्याची ती खूण. टोकापासून मुठीपर्यंत सावली विरली, सगळीकडे एकसारखा रंग आला, की पातं तयार. ही सावली एकदा ओळखता आली की चुंबक फक्त खात्रीपुरता लागतो.

आता तो तुकडा. याच पद्धतीने तापवून तेलात बुडवा, गार झाला की फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये धरा, डोळ्यांना चष्मा लावा आणि हातोडीने तोडा. तुटलेली बाजू उजेडात बघा. राखाडी, मखमलीसारखी बारीक दिसली तर तुमचा डोळा बरोबर आहे. जाड्या मिठासारखी चमचमली तर पोलाद जास्त तापलं, दाणा मोठा झाला. असं पातं कडक तर होतं, पण हातातून पडलं की तुटतं. वाया गेला तर तुकडा जाऊ दे, पातं नको.

तेलात

साधं खाण्याचं पातळ तेल चालतं. पण ते ५० ते ५५ अंशांपर्यंत कोमट हवं. थंड तेल घट्ट असतं, पात्याभोवती नीट फिरत नाही, त्यामुळे गरम तेलच पातं लवकर थंड करतं. लोखंडाचा एखादा फालतू तुकडा तापवून आत सोडला की तेल कोमट होतं. डबा धातूचा, उभा आणि झाकणाचा घ्या. प्लास्टिक नको, जस्ताचा मुलामा दिलेलं काहीही भट्टीजवळ नको, इंजिनचं जळकं तेल तर नकोच नको, त्याचा धूर विषारी असतो. तेलाने पेट घेतला तर झाकण टाका. पाणी चुकूनही ओतू नका.

पातं टोकाकडून सरळ खाली घाला आणि वर-खाली हलवा. डावी-उजवीकडे ढवळलंत तर एक बाजू आधी थंड होऊन पातं वाकेल. दहाएक सेकंदांनी बाहेर काढून नजरेच्या रेषेत धरून बघा. वाकलेलं असेल तर जाड हातमोजे घालून लगेच, गरम असतानाच, दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून सरळ करा. पूर्ण थंड झाल्यावर हा प्रयोग केलात तर हातात दोन तुकडे येतील.

मग कानस फिरवा. काचेवरून घसरल्यासारखी सरकली तर पाणी चढलं. पहिल्या एकदोन घासांत ती थोडी लागली तर घाबरू नका. भट्टीत वरच्या पातळ थरातला कार्बन जळतो, तेवढाच मऊ थर निघतो. खालीही लागतच राहिली तर पुन्हा तापवा.

आणि आता लगेच ओव्हनमध्ये

आमची स्वतःची पहिली सुरी अशी गेली: तेलातून काढली, कानस घसरली, आनंदाने टेबलावर ठेवली आणि उरलेलं उद्या करू म्हणून झोपायला गेलो. सकाळी ती फरशीवर होती, दोन जागी तुटलेली. या अवस्थेत पोलादाची कठीणता रॉकवेल मापाने ६४-६५ असते आणि ते टेबलावरून पडणंही सोसत नाही.

पातं हातात धरण्याइतकं गार झालं की पॉलिश पेपरने काळा थर काढा आणि २०० अंशांवर दोन तास ठेवा. बाहेर काढून थंड करा, पुन्हा दोन तास. कठीणता थोडी उतरून साठच्या आसपास येते, त्या बदल्यात चिवटपणा येतो. ओव्हनच्या बटणावरचा आकडा खरा मानू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. पातं वाळूने भरलेल्या ट्रेमध्ये ठेवलंत तर उष्णतेचे चढ-उतार त्याला जाणवत नाहीत. साफ केलेल्या जागी फिक्या पेंढ्यासारखा पिवळा रंग दिसायला हवा. जांभळा किंवा निळा दिसला तर धारेपुरतं पोलाद जास्तच मऊ झालं. ओव्हन कमी करून ते परत येत नाही, पाणी पुन्हा पहिल्यापासून द्यावं लागतं.

शेवटची धार ग्राइंडरवर काढताना हातमोजे काढून ठेवा. बोटांना चटका बसायला लागला की पातं पाण्यात बुडवा. इथे मात्र खरंच पाणी. कडेला निळी रेघ उमटली तर तेवढी जागा गेली.

धार लावून झाली की पितळेच्या सळीवर हलकेच दाबून सरकवा. कड किंचित वाकून परत सरळ झाली तर छान. कपची उडाली तर दहा-पंधरा अंश वाढवून आणखी एकदा दोन तास ठेवा. वाकून तशीच राहिली तर पाणी नीट चढलेलंच नाही.

एवढं करून बिघडलंच तर पातं घेऊन या, सोबत त्या तुकड्याचे दोन्ही भाग आणा. तुटलेल्या बाजू कोरड्या फडक्यात बांधा, त्यांना तेल लावू नका, घासू नका. आम्ही आधी त्याच बघणार.