आठ जीबीच्या डब्यात दोन टीबी

मायक्रोसॉफ्टने १५ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेत एक्सबॉक्स विकायला काढला, तेव्हा त्याच्या पोटात चक्क हार्ड डिस्क होती. घरगुती गेम कन्सोल कारखान्यातूनच डिस्क घेऊन यावा, हे तोवर कुणी पाहिलं नव्हतं. इंटेलचा ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप, ६४ एमबी मेमरी आणि ८ जीबीची डिस्क: म्हणजे टीव्हीला जोडायचा पीसीच. काही डब्यांत सीगेटची १० जीबीची डिस्क निघते, पण तिच्यातलेही ८ जीबीच वापरात. वरचे २ जीबी आयुष्यभर बेकार.

पीसीच आहे म्हटल्यावर जुनी डिस्क काढायची, मोठी लावायची आणि मोकळं व्हायचं, असं वाटतं. तसं केलं की पडद्यावर एररचा क्रमांक येतो आणि यंत्र ढिम्म हलत नाही. घोडं अडतं ते डिस्कला लागलेल्या कुलपापाशी आणि यंत्राला मोजता येणाऱ्या आकड्यांपाशी.

आधी कुलूप. त्या काळच्या आयडीई डिस्कना (रुंद, चपट्या पट्टीने जोडायच्या) पासवर्ड लावायची सोय मुळातच होती. तो दिल्याशिवाय डिस्क फिरते, पण एक अक्षर वाचू देत नाही. एक्सबॉक्सच्या बोर्डावर ईईप्रॉम नावाची अवघ्या २५६ बाइटची चिप आहे. तिच्यातली १६ बाइटची गुप्त किल्ली, डिस्कचं मॉडेल आणि तिचा अनुक्रमांक यांचं गणित करून यंत्र दर वेळी सुरू होताना पासवर्ड नव्याने तयार करतं. म्हणून एका एक्सबॉक्सची डिस्क दुसऱ्यात चालत नाही. ईईप्रॉममधल्या माहितीची प्रत काढून ठेवणं हे या कामातलं पहिलं आणि सर्वांत महत्त्वाचं पाऊल. प्रत नसताना बोर्ड मेला, तर डिस्क धडधाकट असूनही तुमच्या हाती काही लागत नाही.

यातली एक पळवाट मला फार आवडते. कुलूप एकदा उघडलं की वीज जाईपर्यंत उघडंच राहतं. म्हणून हौशी मंडळी एक्सबॉक्स सुरू करत, त्यालाच कुलूप उघडू देत, आणि डिस्कचा वीजपुरवठा चालू ठेवून फक्त डेटाची पट्टी उपसून शेजारच्या पीसीला लावत. जिवावर उदार होऊन करायचं काम, पण चालायचं. एमआयटीतल्या अँड्र्यू हुआंग यांनी २००२ मध्ये बोर्डावरच्या दोन चिपांमधली वाहतूक टिपून यंत्राच्या बायोसची, म्हणजे सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामची, गुप्त किल्ली मिळवली (डिस्कची किल्ली ती वेगळी). सुधारित बायोसची वाट तिथून बरीच मोकळी झाली. असा बायोस थेट चिपवर बसवला की कुलपाची सक्तीच उरत नाही. केवळ सॉफ्टवेअरच्या आडवाटेने बदल केला असेल, तर मूळ बायोस आधी जागा होतो आणि कुलूप मागतोच.

आता आकडे. डिस्कवरची जागा ५१२ बाइटच्या कप्प्यांत विभागलेली असते आणि प्रत्येक कप्प्याला क्रमांक असतो. जुन्या पद्धतीत हा क्रमांक २८ बिटांत लिहायचा. अर्जात नावासाठी छापलेल्या चौकटी संपल्या की आडनाव बाहेर राहतं, तशातला हा प्रकार. २८ बिटांत २६,८४,३५,४५६ क्रमांक मावतात. त्यांना ५१२ ने गुणलं की साधारण १३७ अब्ज बाइट, म्हणजे १३७ जीबी. त्यापलीकडची डिस्क असून नसल्यासारखी. ४८ बिटांचे क्रमांक समजणारे बायोस आले तेव्हा ही भिंत पडली.

पण तिच्यामागे दुसरी भिंत होतीच. एक्सबॉक्स फाइली फॅटएक्स पद्धतीने ठेवतो. त्यात जागा ठरावीक मापाच्या गठ्ठ्यांत वाटली जाते, या गठ्ठ्याला क्लस्टर म्हणतात. १६ केबीचा क्लस्टर डिस्कच्या २५६ जीबीच्या विभागापर्यंत (पार्टिशनपर्यंत) पुरतो, ३२ केबीचा ५१२ जीबीपर्यंत, ६४ केबीचा १ टीबीपर्यंत. माप चुकलं तर सुरुवातीला सगळं छान चालतं. डिस्क भरत गेली की एक दिवस फाइली एकमेकींवर लिहिल्या जायला लागतात, आणि लोक उगीच डिस्कला शिव्या घालतात. बरीच वर्षं २ टीबी ही व्यवहारातली कमाल मर्यादा होती, ती एक-एक टीबीच्या दोन विभागांतून येते.

वेगाचं प्रकरण जास्त मजेशीर आहे. एक्सबॉक्सचा डीव्हीडी ड्राइव्ह सेकंदाला जेमतेम साडेसहा-सात एमबी देतो, तेही डीव्हीडीच्या बाहेरच्या कडेपाशी. मूळ बायोस डिस्कशी ज्या गतीने बोलतो तिची कमाल सेकंदाला ३३ एमबी. मेमरी ६४ एमबीच असल्याने ती काठोकाठ भरायला कागदावर दोन सेकंद पुरतात. मग ‘लोडिंग’ इतकं का रेंगाळतं?

कारण डेटा एका जागी नसतो. मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ११ मिलिसेकंदांची. हवा तो कप्पा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी जाते, शिवाय ते डोकं धरणारी दांडी सरकायला वेळ लागतो. धरा १५ मिलिसेकंद. तेवढ्यात ३३ च्या गतीने अर्धा एमबी वाचून झाला असता! गेमच्या शेकडो छोट्या फाइली शोधताना हे मिलिसेकंद साचत जातात. एसएसडीत, म्हणजे चिपांवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसल्याने हा शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास उरकतो. खरा फायदा इथे आहे. एसएसडीच्या खोक्यावर छापलेला सेकंदाला ५०० एमबीचा आकडा इथे शोभेचाच. आणि दाबून भरलेला डेटा उलगडायचं काम ७३३ मेगाहर्ट्झवाल्या प्रोसेसरकडेच राहतं, त्याला कुठलीच डिस्क हातभार लावत नाही.

३३ ची मर्यादा ओलांडायची तर बायोस बदलावा लागतो आणि केबलही. मूळ पट्टीत ४० तारा आहेत. गती वाढली की शेजारच्या तारांमधले सिग्नल एकमेकांत मिसळतात. म्हणून ८० तारांची पट्टी घ्यायची. जोडणीच्या पिना त्याच ४०. जादा ४० तारा ग्राउंडला जोडलेल्या, प्रत्येक सिग्नलच्या मधे आडोसा म्हणून. आजच्या साटा डिस्कची जोडणी वेगळी असते, तिच्यासाठी मधे छोटा ॲडाप्टर लागतो. तिथे पैसे वाचवू नका. स्वस्तातले काही ॲडाप्टर कुलपाची आज्ञा डिस्कपर्यंत पोचवतच नाहीत.

डबा उघडायला सहा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे) स्क्रू काढायचे, चार रबरी पायांखाली आणि दोन स्टिकरखाली दडलेले. वीजपुरवठ्याचा बोर्ड आत उघडाच असतो, तेव्हा प्लग काढून थोडा वेळ जाऊ द्या आणि त्याला हात लावू नका. नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेला एक्सबॉक्स तिकडच्या ११०-१२० व्होल्टचाच असतो, आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो थेट खुपसायचा नाही.

झाकण उघडलंच आहे तर घड्याळाचा कपॅसिटरही (प्लग काढल्यावर थोडा वेळ घड्याळ चालू ठेवणारा वीजसाठा) बघून घ्या. सुरुवातीच्या बहुतेक एक्सबॉक्समध्ये तो वयानुसार गळतो आणि बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेघा खातो. तो काढून टाकला, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, तरी यंत्र पूर्वीसारखंच चालतं. प्लग काढून ठेवलात तर तारीख-वेळ तेवढी पुन्हा भरावी लागते.