नाशिक ढोल (रचना व संचालन)

नाशिक ढोल : मिरवणुकीत चालता चालता वाजवायचा ढोल, ताशा व झांज यांचा वाद्यमेळ. नाव ढोलाचे असले, तरी मेळ चालवतो तो ताशेवाला. हातांची (ठेक्यांच्या रचनांची) बांधणीही बहुधा त्याचीच.

‘ताशा’ हा शब्द अरबी-फार्सी ‘तास’ (पसरट वाडगे) यावरून आला असे सामान्यतः मानतात. वाद्याचा उथळ आकार पाहता ते पटण्याजोगे आहे. काळाविषयी मात्र मतभेद आहेत. आईन-इ-अकबरीतील (१६ वे शतक) नक्कारखान्याच्या यादीत दुहुल, नक्कारा, सुरना ही नावे येतात, ताशाचे येत नाही. एवढ्यावरून ताशा उत्तरकालीन ठरवणे घाईचे होईल. यादी दरबारी वाद्यांची आहे, रस्त्यावरच्या नव्हे. १८४५ पासून गिरमिटिया मजुरांबरोबर हे वाद्य त्रिनिदादला गेले. म्हणजे १९ व्या शतकाच्या मध्यापर्यंत ते उत्तर भारतात रुळलेले असावे. त्रिनिदादमध्ये ठेक्याच्या बांधणीला ‘हँड’ म्हणतात, आपल्याकडे ‘हात’. हा निव्वळ योगायोग नसावा.

हात लिहून ठेवत नाहीत, कानाने उचलतात. ताशेवाला दोन लवचीक काड्यांनी तर्री (न थांबता जलद ठोक्यांची झड) धरतो. हात बदलायचा झाला की तर्री तोडून ठरलेला बोल काढतो. त्यावर ढोलवाले थापी (हाताचा ठोका) आणि टिपरू (काडीचा ठोका) बदलतात. इशारा आवाजाचाच लागतो. गुलालात हातवारे कोणाला दिसणार?

लय फाटते ती बहुधा लांब रांगेमुळे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ताशे एका टोकाला असले, तर ३४ मीटरवरच्या ढोलाला ठोका ०.१ सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत हा ठोक्याचा पाचवा हिस्सा झाला. त्यात मागचे लोक शेजाऱ्याच्या ढोलावर वाजवू लागले, की उशीर साचत जातो. ताशे मध्यावर घेतले तर अंतर निम्मे होते. नाशिकच्या मेन रोडवर दोन्ही बाजूंच्या इमारतींचा प्रतिध्वनी गोंधळ वाढवतो; तिथे लय किंचित उतरवलेली बरी.

भाद्रपदातल्या पावसात चामड्याचे पान (वाद्याच्या तोंडावर ताणलेला पडदा) ओल धरते आणि सैल पडते. ढोल तेवढ्यावर निभावतो; ताशाचे ठोके मात्र एकमेकांत मिसळतात व इशाराच हरवतो. म्हणून पान शेकून घेतात, जास्त शेकले तर ते तडकते. फायबरच्या पानाला ही कटकट नाही, पण त्याचा आवाज कोरडा.