‘आलो होतो’ म्हणजे ‘हॅड कम’ नव्हे
पत्र टाइप करायला देण्याआधी दोन मिनिटं वाचा

बँकेला, बिल्डरला, विद्यापीठाला किंवा परदेशातल्या कंपनीला इंग्रजीत पत्र पाठवायचं म्हणून आमच्याकडे येणारे बरेच जण कच्चा मजकूर स्वतःच इंग्रजीत करून आणतात. चांगलंच आहे, आमचं काम कमी होतं. शब्द बहुतेक बरोबर असतात, स्पेलिंग हल्ली मोबाइलच सुधारतो. चुकतो तो काळ. तोही वाटेल तिथे नाही, ठरलेल्या चार-पाच जागी चुकतो, कारण तिथे आपली मराठी वेगळ्या वाटेनं जाते.

आम्ही सर्वांत जास्त खोडतो तो शब्द ‘हॅड’. “मी काल तुमच्या शाखेत आलो होतो” हे मराठीत अगदी साधं वाक्य. येऊन परत गेलो, एवढंच त्यातला ‘होतो’ सांगतो. पण शाळेत ‘आलो होतो’ म्हणजे पूर्ण भूतकाळ आणि पूर्ण भूतकाळ म्हणजे ‘हॅड’ असं घोकलेलं असतं, त्यामुळे हात आपोआप लिहून जातो: ‘आय हॅड कम टु युअर ब्रांच येस्टरडे.’ वाचणारा साहेब मग पुढची गोष्ट शोधत बसतो. आला होता, बरं, मग काय झालं? इंग्रजीतला ‘हॅड’ एकटा राहत नाही. भूतकाळात दोन गोष्टी घडल्या आणि त्यांतली आधीची कुठली हे दाखवायचं असेल, तेव्हा तो लागतो. ‘व्हेन आय रीच्ड द बँक, द कॅशियर हॅड लेफ्ट’ म्हणजे मी पोचायच्या आधीच कॅशियर निघून गेलेला. ‘हॅड’ काढून नुसतं ‘द कॅशियर लेफ्ट’ लिहिलंत, तर तुम्हाला बघून तो उठून गेला असं वाटेल! एकच गोष्ट सांगायची असेल तर ‘आय केम टु युअर ब्रांच येस्टरडे’. फॉर्म दिला असेल तर ‘आय सबमिटेड द फॉर्म ऑन ३ जून’. बस.

दुसरी जागा ‘पासून’ची. एका सोसायटीचे सेक्रेटरी बिल्डरला द्यायचं गळतीचं पत्र घेऊन आले होते. (बघा, ‘आले होते’ इथेही किती सहज आलं.) पहिल्या पानावर ‘द सीलिंग इज लीकिंग सिन्स जून’. मनातलं वाक्य उघड आहे: जूनपासून गळतंय. मराठीत ‘गळतंय’ आणि ‘पासून’ गुण्यागोविंदानं नांदतात. इंग्रजीत तिथे ‘हॅज बीन लीकिंग सिन्स जून’ लागतं. दुसऱ्या पानावर त्यांनी धोका नको म्हणून ‘द सीलिंग लीक्ड इन जून’ केलं होतं. व्याकरण बिनचूक, पण पत्रातला जीव गेला. जूनमध्ये गळलं एवढंच त्यातून कळतं, आज गळतंय का यावर वाक्य गप्प. रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरनं तो ३० दिवसांत जादा पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. अशा पत्रात दोष कधी सुरू झाला आणि अजून आहे, या दोन्ही गोष्टी एका दमात सांगणारं ‘हॅज बीन’च हवं.

त्यातच आणखी एक गफलत होते. ‘जूनपासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ दोन्हीकडे आपण ‘पासून’च म्हणतो. इंग्रजीत सुरुवात सांगायची असेल तर ‘सिन्स जून’, किती काळ ते सांगायचं असेल तर ‘फॉर फाइव्ह इयर्स’. ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ आम्ही रोज दोन-तीनदा तरी खोडतो.

बायोडेटा द्यायला येणाऱ्यांसाठी: “मी कालच आलोय” मराठीत चालतं, पण इंग्रजीत ‘हॅव’ आणि संपलेली तारीख एकत्र बसत नाहीत. सोडलेल्या नोकरीसाठी ‘आय वर्क्ड इन नाशिक फ्रॉम २०१५ टु २०१९’. अजून तिथेच असाल तर ‘आय हॅव वर्क्ड हिअर फॉर सिक्स इयर्स’. इथे ‘वर्क्ड’ लिहिलंत तर नोकरी सोडली असा अर्थ निघेल. तुमचे साहेब अमेरिकन असतील आणि ‘आय ऑलरेडी सेंट इट’ असं लिहीत असतील, तर ती त्यांची चूक समजू नका. ब्रिटिश माणूस तिथे सहसा ‘आय हॅव ऑलरेडी सेंट इट’ म्हणेल. दोन्ही चालतात, फक्त एकाच पत्रात मिसळू नका.

बाकीच्या चुका छोट्या. ‘तुम्ही पाठवाल तेव्हा’मुळे ‘व्हेन यू विल सेंड’ होतं, तिथला ‘विल’ काढा. ‘मला माहीत आहे’मधल्या ‘आहे’मुळे ‘आय अ‍ॅम नोइंग’ होतं, नुसतं ‘आय नो’ पुरे. ‘डिड नॉट’नंतर ‘रिसीव्ह्ड’ नको, ‘रिसीव्ह’. आणि फोनवर “आलोच!” म्हणायची सवय असेल तर इंग्रजीत सांभाळा. आपण घरून निघालेलोही नसतो आणि ‘आलो’ म्हणून मोकळे होतो, समोरच्याला ते कळतंही. ‘आय केम’ म्हटलंत तर तो दार उघडून बघेल. तिथे ‘आय अ‍ॅम कमिंग’ म्हणा.

कच्चा मजकूर मराठीत आणलात तरी चालेल, आम्हाला तर तेच बरं. प्रत्येक गोष्टीपुढे तारीख लिहा आणि जे आजही चालू आहे त्याखाली रेघ मारा. प्रिंट काढण्याआधी आम्ही पत्राचा अर्थ मराठीत वाचून दाखवतो. तेवढा वेळ थांबा, सही त्यानंतर करा.