नमुना वेब सर्व्हर प्रोग्राम (सेन्सरवाल्या छोट्या बोर्डांचे)

तापमान, हवेतला दमटपणा, मातीची ओल, टाकीतलं पाणी असं काहीतरी मोजणाऱ्या छोट्या बोर्डानं स्वतःच वेब पान बनवून मोबाईलच्या ब्राउझरला द्यावं, यासाठी लायब्ररीसोबत आयते मिळणारे शिकाऊ प्रोग्राम. आर्डुइनो या शिकाऊ बोर्डांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्झाम्पल्स मेनूत ते असतात, बोर्डात कसे टाकायचे ते वाचणाऱ्याला माहीत आहे असं धरून पुढं लिहिलंय.

इतक्या लहान यंत्रावर वेब सर्व्हर आधी कुणी चालवला यावर एकमत नाही, आणि व्हायचंही नाही, कारण दावे दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. १९९९ च्या सुरुवातीला स्टॅनफर्डच्या व्हॉन प्रॅट यांनी काडेपेटीएवढ्या बोर्डावर सर्व्हर चालवून दाखवला, पण त्यात ४८६ जातीचा प्रोसेसर होता, १६ एमबी रॅम होती आणि अख्खं लिनक्स होतं, म्हणजे तो लहान झालेला पीसीच. त्याच वर्षी, बहुधा मध्याच्या सुमारास, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात असलेल्या एच. श्रीकुमार यांचा आयपिक आला, काडीच्या गुलाएवढा, ८ पायांच्या पीआयसी नावाच्या मायक्रोकंट्रोलर चिपवर (प्रोसेसर आणि मेमरी एकाच चिपमध्ये). त्या चिपमध्ये प्रोग्रामसाठी १०२४ सूचनांची जागा आणि रॅम फक्त ४१ बाइट. इथरनेटचं एक पॅकेट १५०० बाइटपर्यंत जातं, त्यामुळं आलेलं पॅकेट आधी साठवायचं आणि मग वाचायचं हा रस्ताच बंद, बाइट येईल तसा हिशोब करत पुढं सरकायचं. वेब पानं शेजारच्या वेगळ्या मेमरी चिपमध्ये ठेवलेली आणि राऊटरशी जोडणी सिरीयल वायरनं. एवढ्याशा जागेत बसवलेल्या टीसीपीला (नेटवरून डेटा नीट पोचवायचे नियम) पूर्ण टीसीपी म्हणायचं का, हा आक्षेप घेता येतो, तरी साध्या मायक्रोकंट्रोलरवरचा सर्व्हर एवढाच मुद्दा असेल तर श्रीकुमार यांचं पारडं जड वाटतं.

आजच्या नमुन्यांचं कूळ मात्र या दोघांपेक्षा स्वीडनच्या ॲडम डंकेल्स यांच्याकडं जातं असं मानणं जास्त बरोबर. साधारण २००१ च्या आसपास त्यांनी यूआयपी आणि एलडब्ल्यूआयपी हे दोन छोटे नेटवर्क स्टॅक (नेटवर्कशी बोलायचं काम सांभाळणारं सॉफ्टवेअर) सोर्ससकट खुले केले, यूआयपीसोबत नमुना वेब सर्व्हरही दिला, आणि ईएसपी ८२६६ आणि ईएसपी ३२ हे बोर्ड आजही एलडब्ल्यूआयपीवरच चालतात. कोड उघडा होता म्हणून तो पसरला, हे विसरून चालणार नाही.

सगळ्यात जास्त वाचला गेलेला नमुना बहुतेक आर्डुइनो इथरनेटचा. त्याच्या डोक्यावर १८ डिसेंबर २००९ ही तारीख आणि डेव्हिड मेलिस यांचं नाव आहे, पुढं २०१२ मध्ये टॉम आयगो यांनी सुधारणा केल्या. अॅनालॉग पिनांची रीडिंग तो पानावर छापतो आणि दर ५ सेकंदाला पान परत मागव असं ब्राउझरला सांगतो. खरी गंमत रिक्वेस्ट, म्हणजे ब्राउझरची मागणी, संपली कधी हे ओळखण्यात आहे. हेडर, म्हणजे मागणीच्या माहितीच्या ओळी, संपल्यावर एक रिकामी ओळ येते, तर प्रोग्राम एकेक अक्षर वाचतो, चालू ओळ अजून रिकामीच आहे का हे एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवतो, आणि रिकाम्या ओळीवर परत ओळ संपली की मगच उत्तर द्यायला लागतो. आर्डुइनो उनोतल्या एटीमेगा ३२८ चिपमध्ये रॅम फक्त २ केबी असल्यामुळं अख्खी रिक्वेस्ट स्ट्रिंगमध्ये भरायची सोय नाही, म्हणून ही पद्धत. ज्याला एचटीटीपी, म्हणजे ब्राउझर-सर्व्हरची बोलायची भाषा, आतून समजून घ्यायचंय त्यानं हा नमुना ओळ न ओळ वाचावाच.

यात मॅक ॲड्रेस (नेटवर्कवर बोर्डाची ओळख सांगणारा नंबर) आणि १९२.१६८.१.१७७ हा आयपी दोन्ही कोडमध्येच लिहिलेले असतात. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये चार ग्रुपनी तोच प्रोग्राम न बदलता चार बोर्डात टाकला की चारही बोर्ड एकाच पत्त्यानं नेटवर्कवर येतात आणि पान कधी उघडतं कधी नाही, मग पोरं वायर बदलत बसतात.

ईएसपी ८२६६ ही एस्प्रेसिफ कंपनीची चिप २०१४ ला बाजारात आली, आर्डुइनोतून ती वापरायची सोय इव्हान ग्रोखोटकोव्ह यांच्यामुळं २०१५ ला झाली आणि वायफायवाले नमुने सुरू झाले. त्यातल्या ॲडव्हान्स्ड नावाच्या नमुन्यात आलेख दिसतो, पण तो रँडम आकड्यांचा, सेन्सरचा त्यात काही संबंध नाही. मायक्रोपायथनच्या (छोट्या बोर्डांवर चालणारं पायथन) नमुन्यात पिनांच्या स्थितीचा तक्ता येतो.

मराठवाड्यात याचा चांगला उपयोग रेशीम शेतीत होऊ शकतो. जालना, बीड भागात तुती लावून कीटक संगोपनाची शेड उभारणारे शेतकरी बरेच आहेत, कोषाची बाजारपेठही जालन्यात आहे. चॉकी अवस्थेत, म्हणजे अळ्या अगदी लहान असताना, २६ ते २८ अंश आणि ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते, मोठ्या अळ्यांना दोन्ही थोडं कमी, आणि बाहेर एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर, म्हणजे शेडमध्ये काय चाललंय हे सारखं बघावंच लागतं. नमुन्यांत बऱ्याचदा असणारा डीएचटी ११ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर इथं कामाचा नाही, ९० टक्क्यांच्या जवळ त्याची हद्द संपते आणि चूक ५ टक्क्यांपर्यंत असते. डीएचटी २२ घ्यावा, पण तो २ सेकंदांतून एकदाच नीट रीडिंग देतो, त्यामुळं पान मागितलं की लगेच सेन्सर वाचायचा ही नमुन्यातली रीत मोडून आधीचं रीडिंग जपून ठेवावं आणि तेच दाखवावं, नाहीतर दोघांनी एकदम पान उघडलं की आकड्याच्या जागी नॅन (आकडा मिळाला नाही अशी खूण) येऊ शकतं. मुख्य लूपमध्ये मोठा डिले टाकला तर तेवढा वेळ सर्व्हरही गप्प, तिथं मिलिस (बोर्ड सुरू होऊन किती मिलिसेकंद झाले ते सांगणारं फंक्शन) वापरावं.

शेतातल्या आखाड्यावर राऊटर नसतो. तिथं बोर्डालाच हॉटस्पॉट करता येतं, पान बहुधा १९२.१६८.४.१ वर उघडतं, मात्र या वायफायला नेट नाही म्हणून मोबाईल आपोआप डेटावर जातो, तेव्हा डेटा बंद करून बघावं. राऊटर असेल तर बोर्ड त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झवरच जोडला जातो, आणि लाईट जाऊन आली की बोर्डाचा आयपी बदलू शकतो, म्हणून राऊटरमध्ये तो पक्का करून ठेवावा. मोटारीच्याच लाईनवर बोर्डाचा चार्जर असेल तर मोटार चालू होताना व्होल्टेज पडून बोर्ड रीस्टार्ट होऊ शकतो.

बहुतेक नमुन्यांत पासवर्ड नसतो. वाचायचं पान असेल तर चालून जातं, पण तोच प्रोग्राम वाढवून रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारं स्विच) जोडला आणि मोटार चालू-बंद करायची लिंक दिली, तर त्या वायफायवरचा कुणीही मोटार चालू करू शकतो, विहिरीत उतरलेला माणूस असला तरी. बेसिक ऑथचा (नाव-पासवर्ड विचारणारा) वेगळा नमुना लायब्ररीत आहे, त्यातही साध्या एचटीटीपीवर पासवर्ड उघडाच जातो, म्हणून मोटारीचा बोर्ड पोर्ट फॉरवर्ड करून (राऊटरमधून बाहेरून आत यायची वाट उघडून) थेट इंटरनेटवर ठेवू नये आणि स्टार्टरजवळ हातानं बंद करायचं स्विच कायम ठेवावं.