साउथवर्कच्या ‘जॉर्ज’ची एकच बाजू का उरली : पार्श्वभूमी

लंडनच्या साउथवर्क भागातील ‘द जॉर्ज’ हा पब, म्हणजे पूर्वीची घोडागाडीच्या प्रवाशांची सराई, आज प्रथम श्रेणीची संरक्षित वास्तू आहे. मात्र हे संरक्षण मूळ वास्तूच्या केवळ दक्षिणेकडील बाजूला लाभले आहे, आणि बहुतेक वर्णनांत ही गोष्ट ओझरतीच येते.

१६७६ च्या आगीत साउथवर्कचा मोठा भाग जळाल्यानंतर पुढच्याच वर्षी ‘जॉर्ज’ जुन्या जागी, जुन्याच धाटणीने पुन्हा उभारण्यात आला. त्यामुळे इथल्या लाकडी सज्जांतून सोळाव्या शतकातील, एलिझाबेथकालीन नाटके पाहिली जात, ही येथे हौसेने सांगितली जाणारी कथा सध्याच्या बांधकामाला तरी लागू पडत नाही. चौसोपी वाड्यासारखा मध्ये चौक, त्यात घोडागाड्यांची ये-जा, आणि वरच्या दोन मजल्यांवर एकावर एक लाकडी सज्जे, ज्यांतून प्रवाशांच्या खोल्यांत शिरता येई, अशी ही रचना होती. रस्त्याकडच्या खोलीत प्रवासी गाडीची वाट पाहत.

१८३६ मध्ये जवळच लंडन ब्रिज स्थानक सुरू झाले आणि पुढील काही दशकांत घोडागाड्यांचा धंदा बसला. १८७४ मध्ये ही जागा एका रेल्वे कंपनीकडे गेली. कंपनीला हवे होते ते मालाचे आगार. चौकाची मोकळी जागा आणि हमरस्त्याची जवळीक तिच्या सोयीची होती. १८८९ मध्ये तिने उत्तरेकडील आणि मधली बाजू पाडली. हा निर्णय त्या काळाच्या व्यवहाराला धरून होता, असे समर्थन केले जाते. कायद्याच्या दृष्टीने ते चुकीचे नाही, कारण प्राचीन स्मारकांविषयीचा १८८२ चा कायदा प्रामुख्याने प्रागैतिहासिक अवशेषांपुरता होता आणि वापरातील इमारतींना त्याचा काहीच आधार नव्हता. तरीही शेजारची ‘टॅबर्ड’ ही तितकीच नामांकित सराई त्याआधीच जमीनदोस्त झालेली असताना अशा बांधणीची दुर्मीळता कोणाच्या ध्यानात आली नसेल, हे पटण्याजोगे नाही. दक्षिणेची बाजू वाचली, परंतु त्यामागे वारशाची आस्था होती असे मानण्यास फारसा आधार नाही.

१९३७ मध्ये त्या कंपनीच्या वारस कंपनीने उरलेली वास्तू वारसा जपणाऱ्या एका विश्वस्त संस्थेला दान केली. या दानाची प्रशंसा सर्वत्र आढळते. १८८९ च्या पाडकामाला तेवढी जागा क्वचितच मिळते. युद्धोत्तर कायद्याने इमारतींची श्रेणीवार यादी आल्यावर ‘जॉर्ज’चा तिच्यात समावेश झाला. लंडनमध्ये सज्जांची अशी दुसरी सराई आता उरलेली नाही. संस्थेने ही वास्तू भाडेपट्ट्याने दिलेली असून तेथे आजही पब चालतो.