ऊन आपलं, पैसा बाहेरचा: हे सगळं कुठून सुरू झालं

सध्या आमच्या सोलापूर जिल्ह्यात मोहोळ म्हणा, मंगळवेढा म्हणा, अक्कलकोट म्हणा, कुठंही चहाला थांबलं की सोलरला जमीन भाड्यानं देण्याचा विषय निघतोच. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख मिळतात, माळरान पडूनच आहे, द्यावं की नको, असं चालू असतं. आणि कुणीतरी विचारतंच की ह्या धंद्यात परदेशातला पैसा आहे म्हणतात, तर त्यांना आपल्या उन्हात एवढं काय दिसलं? ऊन तर आजोबा-पणजोबांच्या काळापासून असंच आहे, पारा ४३-४४ ला जाणं आपल्याला नवीन नाही. (खरं तर पॅनेलला उष्णता नको असते, उजेड पाहिजे असतो, पॅनेल तापलं की वीज उलट थोडी कमीच होते. आपलं भांडवल म्हणजे कमी पाऊस, मोकळं आभाळ आणि सपाट जमीन.) मग पैसा आत्ताच का आला, तर ते समजून घ्यायला मागं जावं लागतं, आणि माझ्या मते थेट एन्रॉन ह्या अमेरिकन वीज कंपनीपर्यंत.

१९९१ नंतर वीजनिर्मिती खाजगी आणि परदेशी कंपन्यांना खुली झाली आणि १९९२ मध्ये एन्रॉन दाभोळला आली. करार झाला, केंद्राची हमी मिळाली, १९९५ मध्ये राज्यात सरकार बदललं आणि करार रद्द झाला, मग परत वाटाघाटी होऊन १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा चालू झाला. पण इंधन नाफ्था (कच्च्या तेलातून निघणारं), त्याचे भाव जगाच्या बाजारावर, पैसे डॉलरशी बांधलेले, वीज इतकी महाग पडली की २००१ मध्ये वीज मंडळानं ती घेणंच बंद केलं. ज्यांनी ते दिवस बघितलेत त्यांना आठवत असेल. आपण त्यातून शिकलो की परदेशी कंपनी म्हणजे महाग वीज, आणि बाहेरच्या लोकांनी धडा घेतला तो वेगळा, की भारतात सरकार बदललं की करारही बदलू शकतो. ही दुसरी भीती अजून पूर्ण गेलेली नाही असं मला वाटतं.

त्याच काळात अपारंपरिक ऊर्जा नावाचं एक छोटं खातं चालू होतं. १९८२ मध्ये विभाग झाला, १९८७ मध्ये कर्ज द्यायला इरेडा ही सरकारी कंपनी आली, १९९२ मध्ये स्वतंत्र मंत्रालय झालं. पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या मात्र मुख्यतः टॅक्स वाचवायला, कारण पहिल्याच वर्षी मोठा घसारा दाखवता यायचा. साताऱ्याकडं चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर जी पाती दिसतात त्यांच्यामागंही हे गणित होतं. १९९५ मध्ये तुलसी तांती यांनी पवनचक्क्या बनवणारी सुझलॉन काढली, ते मूळचे कापड व्यवसायातले, विजेच्या बिलाला आणि लपंडावाला वैतागून त्यांनी आधी स्वतःसाठी पवनचक्क्या घेतल्या होत्या. आमच्या सोलापुरात यंत्रमागवाल्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको. पण टॅक्ससाठी लावलेल्या पवनचक्कीत परदेशी पेन्शन फंडाला काय रस असणार?

बदल झाला २००३ च्या वीज कायद्यानं. निर्मितीला लायसन्स लागेनासं झालं आणि वितरण कंपन्यांनी ठराविक टक्के वीज अपारंपरिक स्रोतांतून घ्यावी ही अट आली, म्हणजे गिऱ्हाईक कायद्यानंच तयार झालं. मग जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन आलं, २०२२ पर्यंत २० हजार मेगावॅटचं टार्गेट, जे २०१५ मध्ये एक लाखावर नेलं. सुरुवातीला नियामक आयोगानं सोलरचा दर १७ रुपये ९१ पैसे युनिट धरला होता, सगळ्यात कमी दर सांगेल त्याला काम, असे लिलाव घेतल्यावर तो १०-१२ वर आला, २०१७ मध्ये राजस्थानात भाडला इथं २.४४, आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १.९९! चीनमधून येणारी पॅनेल स्वस्त झाली हे मोठं कारण, पण एकटं तेच नाही. मध्य प्रदेशात रीवाच्या ७५० मेगावॅटच्या प्रकल्पात २०१७ मध्ये पैसे थकले तर काय, याची सोय करारातच केली, राज्य सरकारनं हमी घेतली, आणि पहिल्या वर्षाचा दर लगेच तीन रुपयांच्या खाली आला. मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. ऊन आधीही तेवढंच होतं, दर पडला तो भरवशामुळं.

आणि आता आपल्या गावाची गोष्ट, जी इथल्याच कितीतरी लोकांना माहीत नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन चालू झाली आणि दक्षिणेची ग्रीड, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तारांचं जाळं, उरलेल्या देशाशी जोडली गेली. त्याआधी दक्षिण वेगळी चालायची, मधल्या एचव्हीडीसी (डीसी करंटच्या) लिंकमधून जेवढी जाईल तेवढीच वीज इकडं-तिकडं जायची. त्या दिवसापासून पूर्ण देश एका फ्रिक्वेन्सीवर आला, आणि हा सांधा बसला तो सोलापुरात! कर्नाटक-तमिळनाडूचं ऊन आणि वारा कुठल्याही राज्याला विकता येईल ही शक्यता अशा लाईनींमुळंच खरी झाली, पुढं ग्रीन कॉरिडॉरसाठी, म्हणजे सौर-पवन वीज वाहून नेणाऱ्या लाईनींसाठी, जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेनं कर्जही दिलं.

मग लोक आले. जपानची सॉफ्टबँक आली, तिनं २०२१ मध्ये आपला भारतातला सोलरचा धंदा अदानी ग्रीनला विकला, फ्रान्सच्या टोटलनं त्याच अदानी ग्रीनमध्ये २० टक्के हिस्सा घेतला, शेलनं २०२२ मध्ये स्प्रिंग एनर्जी घेतली, सिंगापूर, अबुधाबी आणि कॅनडाचे फंड ग्रीनको, रिन्यू अशा कंपन्यांत बसले. नियमही सोपा, १०० टक्के परदेशी गुंतवणूक, आधी सरकारी परवानगी लागत नाही. पेन्शन फंडाला तर हे आवडणारच, २५ वर्षं ठरलेल्या दरानं पैसे येत राहणार, कोळसा नाही, नाफ्था नाही, म्हणजे एन्रॉनला जिथं घात झाला तो इंधनाचा भागच नाही. फरक एवढाच की कमाई रुपयात. २०१० मध्ये डॉलर ४५ च्या आसपास होता, २०२५ मध्ये ८५ च्या पुढं, त्यामुळं हेजिंगचा, म्हणजे रुपया पडला तर नुकसान होऊ नये म्हणून केलेल्या सोयीचा, खर्च मोठा पडतो.

पण जुनी भीती परत आली ती २०१९ मध्ये, आंध्र प्रदेशात. नव्या सरकारनं आधीचे पवन-सौर करार परत तपासायला काढले, दर कमी करा म्हणाले, कंपन्या कोर्टात गेल्या आणि २०२२ मध्ये हायकोर्टाचा निकाल कंपन्यांच्या बाजूनं लागला. तीन वर्षं गेली त्यात. स्वस्त वीज लोकांना मिळावी हे मलाही पाहिजे, पण सही केलेला करार मोडून ती मिळत नाही, पुढचा प्रत्येक जण त्या भीतीची किंमत दरात धरतो आणि ती शेवटी आपल्याच बिलात येते. वितरण कंपन्यांकडं थकणारे पैसे हेही तसंच दुखणं, २०२२ मध्ये उशिराच्या पेमेंटवर सरचार्जचे कडक नियम आल्यावर ते बरंच आटोक्यात आलं.

आज देशाच्या एकूण स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-गॅस सोडून बाकीच्या स्रोतांचा आहे, २०२५ च्या मध्यात तो टप्पा गाठला. पण अडचण परत तारांवरच आली आहे, राजस्थानात भर दुपारी वीज तयार असून काही प्रकल्पांना उत्पादन कमी करायला लावतात कारण न्यायला लाईन पुरत नाही.

आमच्या जिल्ह्यात फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा कोळशाचा प्रकल्प आहे, साखर कारखान्यांची बगॅसवरची (उसाच्या चिपाडावरची) वीज आहे, आणि आता गावोगावी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे छोटे प्रकल्प येतायत, ज्यांची वीज महावितरण घेतं आणि शेतीच्या फीडरला (शेतीपंपांना वीज पोचवणाऱ्या लाईनला) दिवसा देतं. माझ्या मामांनी आयुष्यभर रात्री बॅटरी घेऊन मोटर चालू करायला रान गाठलंय, एकदा पायाखालून साप गेला तेव्हा आजी सकाळपर्यंत रडत होती. त्यांच्या फीडरचं काम अजून झालेलं नाही. मी फोन केला की ते परदेशी फंडाचं काही विचारत नाहीत, दिवसाची लाईट कधी येणार एवढंच विचारतात.